फुस

आमच्या पेटीत ध नव्हता.

बेडगच्या पुढे, पानमळ्यांच्या आत, ओढ्याकाठची शाळा.
दोन खोल्या, चार वर्ग,
आणि मी, अंशकालीन, फक्त गुरुवारची.
चित्र, गाणं, कातरकाम, सगळं एकाच पिशवीत.

सहावी पट्टी दाबली की आतून नुसता वारा.
पोरांनी त्याला नाव ठेवलं, ते चिकटलं :
सा रे ग म प फुस नी सा,
उतरताना सा नी फुस प.
मांड्या बडवत, अगदी तालात.
मी दोनदा म्हणाले, ध म्हणा रे.
तिसऱ्यांदा माझ्याच तोंडून फुस गेलं.

एकदा सुरांचा जिना काढायला लावला.
ज्याला जो रंग ऐकू येईल तो.
सा बहुतेकांचा मातीचा.
प हिरवा, पानाचा प, त्यावर वाद नाही.
कार्तिकीचा ग पांढऱ्या कागदावर पांढरा, चुन्याचा.
"दिसत न्हाई बाई, पण जीभ भाजती."
सहाव्या पायरीवर कुणी खड्डा काढला,
अल्फियानं मांजर बसवलं.
का गं?
"जागा हुती."

दिवाळीनंतर सादिलातून अडीचशे रुपये निघाले.
पेटी मांडीवर घेऊन मिरजेला गेले.
कंडक्टर म्हणाला, हिचं अर्धं काढू का?
बाबालालभाईंनी दुकानाच्या उंबऱ्यातच तिला उघडलं :
पेन्सिलीची सालं, चिंचोके, एक रुपया, उंदराची लेंडी,
आणि पितळेच्या सहाव्या जिभेखाली
नेमका रुतलेला
एक दुधाचा दात.
"पेटी हाय का दप्तर, बाई?"
त्यांनी जीभ घासली, कानाजवळ नेली, पुन्हा घासली.
पैसे घेतले दोनशे एकोणपन्नास.
"रुपया तुमच्या पेटीनंच दिला."
दात कागदात बांधून दिला, मसाला बांधावा तसा.

पुढच्या गुरुवारी पुडी सोडली.
सगळ्यांनी आपापल्या तोंडात बोट घालून बघितलं.
दुसरीतला कुबेर उभा राहिला.
"स्लॅबवर टाकला तर उंदराला घावत न्हाई.
उंदीर पेटीत हुता."
इतकं सरळ, की मला रागवायला जागा उरली नाही.
पुढचा नवा दात त्याला केव्हाच आला होता,
कडा करवतीसारखी.

मग मी वाजवला. ध.
पहिल्यांदाच, लांब, मऊ,
खिडकीतून मळ्यात जाईपर्यंत.
वर्ग गप्प. एक-दोघांनी पेटीच्या मागे वाकून पाहिलं.
पुन्हा सगळे सूर ओळीनं घेतले,
आणि ऐन धवर, चांगल्या सुरेल धवर,
सगळी शाळा म्हणाली : फुस.
अल्फिया तेवढी ध म्हणाली,
जसा काही तो कधी गेलाच नव्हता.

माझ्याकडे डीएड आहे, दोन परीक्षांची प्रमाणपत्रं आहेत.
कुबेरनं विचारलं,
"मग आता फुस कुठं ठिवायचा?"

त्याचं उत्तर कुठल्या कागदावर नव्हतं.
तेवढ्यात घंटा झाली. पोरं दप्तरं ओढत उठली.
मी भाता दाबून पेटी मिटायला घेतली,
आत थोडा वारा राहिला होता,
तो ज्या आवाजात बाहेर आला
त्याला दारापर्यंत गेलेली पोरं
माघारी वळून
हसली.