दहा टक्के

हजेरीवही माझ्याकडे आहे.
कारण एवढंच, की माझं अक्षर
साहेबाला वाचता येतं.

भाऊबीजेच्या उधाणाला खारबांध फुटला.
अडीचशे फूट.
खाजणातलं भात उभ्या उभ्या मीठ प्यालं
आणि तिसऱ्या दिवशी
केळवलेल्या लोंबीवर पांढरी कड धरली.

शासनाचे नव्वद, गावाचे दहा,
ढवळेसाहेबांनी सभेत तीनदा सांगितलं.
लातूरकडचा माणूस.
खाडी चढताना पाहून हळूच विचारलं मला,
हे पाणी परत जातं ना?
जातं, म्हटलं. त्याचे हप्ते चुकत नाहीत.
हसले. मग वहीत काहीतरी लिहून घेतलं.

दहा टक्के म्हणजे एक लाख चौऱ्याऐंशी हजार.
रोख कुणाकडे?
मग श्रमदान, तीनशे रुपये दिवस.
भागाकार मी केला:
सहाशे तेरा दिवस, आणि वर शंभर रुपये.
ते शंभर मशिदीशेजारच्या दुकानदाराने
तिथल्या तिथे काढून टेबलावर ठेवले.

हमीदा सोलकर, चौदा दिवस, माती.
धोंडू कुबल, नऊ दिवस, चिरे, स्वतःच्या होडीतून.
होडीचं भाडं लावू का विचारलं
तर माझ्याकडे असं बघितलं
की मी रकाना खोडला.
चंद्री तांडेल
उघाडीची झडप धरून
अमावास्येची रात्र पाण्यात उभी.
रात्रीला दर नाही.

कुर्ल्या मात्र कोणत्याच ठरावात नाहीत.
दिवसा आम्ही चोपून बसवतो,
रात्री त्या पोखरतात.

मार्चमध्ये दुसरा हप्ता यायचा होता.
शिमग्याचं उधाण आलं.
साठ फूट उघडं होतं अजून.
पोती, जुनी जाळी, कुणाच्या तरी लग्नाची ताडपत्री,
पालखी नाचवून आलेली पोरं
गुलालासकट चिखलात उतरली.
ढवळेसाहेबही उतरले, बूट हातात धरून.
त्यांची हजेरी कुठल्या बाजूला मांडू,
नव्वदात की दहात?
विचारायचं राहिलं. जूनमध्ये बदली झाली.

आता नवं ऑफिस, नवं पत्र.
लाल पेनाने एका ओळीला गोल:
"तात्या कुबल, वय ८४. काम: काठी दाखवली.
वेळ अर्धा तास. परिणाम: सात फूट.
खुलासा करावा."

अर्ध्या तासाचे होतात पावणेएकोणीस रुपये.
ते मी लावलेलेच नाहीत.
नकाशावर बांध सरळ होता.
तात्या दगडावर बसले, काठी टेकवली,
म्हणाले, इथे नको,
इथे खाली जुनी नाळ आहे,
माझ्या आज्याचा बांध इथेच गेला.
साहेबांनी पेन्सिलीने रेघ सात फूट सरकवली.
शिमग्याला सगळीकडून ठिबकलं,
त्या वळणावर नाही.

रात्री दिव्याखाली बसून
चांगल्या अक्षरात उत्तर लिहिलं.

खुलासा:
येत्या पुनवेला यावे.
भरती दुपारी बाराच्या सुमारास.
तात्या आता चालत नाहीत, पण सांगतात.
चपला काठावर काढाव्यात,
आणि वळणापाशी
जरा वेळ उभं राहावं.