घट

आज वर्गात हेमांगी बुळेनं हात वर केला.
"सर, सलग चलाच्या एकेका किमतीची
संभाव्यता शून्य म्हणता.
मग त्यांतलीच एक किंमत
घडते तरी कशी?"
मी खडू झटकला. म्हटलं, वक्राखालचं क्षेत्रफळ बघ,
बिंदूला रुंदी नसते.
तिनं लिहून घेतलं. पटलं नव्हतं.
घंटा झाली ते बरं झालं.

संध्याकाळी मंदाबरोबर सराफ्यात गेलो.
मुलाच्या फ्लॅटसाठी पाटल्या मोडायच्या होत्या.
पाटल्या चार. एवढं सोपं होतं.
साडेतीन पाटल्या कोणी घालत नाही;
तीन आणि चार यांच्या मधे
नुसती हवा.

सोनींनी त्या काट्यावर ठेवल्या.
४७.२१
४७.२३
"पंखा बंद कर, भिया," ते पोऱ्यावर ओरडले,
काचेचं दार ओढलं,
तेव्हा कुठे आकडा
उनाड पोर दमून बसावं तसा बसला.
४७.२२.
पुढे घरंच नव्हती.

जुनी पावती अठ्ठ्याऐंशी सालची, घडीवर फाटलेली:
अठ्ठेचाळीस ग्रॅम.
"पाऊण ग्रॅमच्या वर गेलं की!" मी म्हणालो. "कुठे गेलं?"
मंदा म्हणाली, "तुमच्या कढयांत.
आता कोणत्या दिवशी गेलं तेही विचारा,
आणि वहीत मांडा."

कणीक, राख, चिंचेचा कोळ,
रामबागेतल्या मोरीचा खरबरीत दगड.
पाटलीवर पाटली घासून यायचा
तो आवाजसुद्धा
थोडं सोनंच होता.
एकच क्षण उचलून तोलायला जावं
तर काटा शून्यावरून हलणार नाही.
छत्तीस वर्षं धरा,
मग इतकं.

बाहेर आलो तर शटरं खाली येत होती
आणि त्याच ओट्यांवर
गराडूवाले कढया मांडत होते.
दोन प्लेटी सांगितल्या. टोकन अकरा.
सातवं पुकारलं, आठवं पुकारलं,
आणि त्या दोन हाकांच्या मधे
तेल तापत राहिलं.
मंदानं सवयीनं मनगट झटकलं.
वाजलं नाही काही.

हेमांगी, तुझा प्रश्न बरोबर होता, मी चुकीच्या जागी उत्तर दिलं.
सत्तेचाळीस पूर्णांक बावीस
घडलेलंच नाही.
ते लिहिलेलं आहे.
घडलं ते त्याच्या आगंमागं कुठेतरी,
जिथे पंखा अजून चालू आहे.

"अकरा नंबर! अकरा!"
"अहो, लक्ष कुठंय," मंदा म्हणते,
"लिंबू जास्त मागा."