खतावणी

मार्केट यार्डात पहाटे तीनला
कांद्याच्या गाड्या काट्यापुढे लागतात,
आणि गेले तीन आठवडे
पावती निघायला चाळीस सेकंद लागत होते.
चाळीस सेकंद म्हणजे काय, मला कळेना.
काट्यावरच्या रुक्साना तांबोळीनं समजावलं,
"मागे सत्तर गाड्या. तुम्हीच करा गुणाकार."

निदान सगळ्यांकडे तयार होतं.
सेक्रेटरी म्हणाले, मेमरी वाढवा.
विक्रेता म्हणाला, सर्व्हरच बदला,
कोटेशन खिशात होतं त्याच्या.
एक हमाल म्हणाला, पावतीबुकच बरं होतं,
आणि त्याच्याशी वाद घालण्याजोगं
माझ्याकडे अजून काही नव्हतं.

जिन्याखालच्या खोलीत स्टूल ओढून बसले.
प्रोसेसर निवांत, सात टक्के.
मेमरीलाही घाम नव्हता.
दोघं हात बांधून उभे,
आणि डिस्कच्या दारात ही रांग!
एकच डिस्क. रोजकीर्दही तिच्यावर, मालही तिच्यावर.
एकच माणूस दोन गाळ्यांना वाहतोय,
या टोकाला एक पोतं, त्या टोकाला एक,
मधलं चालणं कुणीच मोजत नाही.

लॉग दुसऱ्या डिस्कवर नेला.
चाळीसाचे बावीस झाले.
सगळे खूश. मी नाही.

दुसऱ्या रात्री क्वेऱ्यांना घड्याळ लावून बसले.
तीन चाळीसला एक उठली.
एक कोटी दहा लाख ओळी
तिनं पहिल्यापासून वाचायला घेतल्या,
दोन हजार अकराच्या पहिल्या पोत्यापासून,
बोट लावून, एकेक,
कारण गाळ्याप्रमाणे कुणी कधी खतावलंच नव्हतं.
पावतीचंही तेच,
फक्त तिचं वाचणं थोडं आखूड.
पाऊण तासानं बेरीज झाली
आणि प्रिंटरकडे निघाली.
प्रिंटर भंगारात जाऊन सहा वर्षं झालीत.
मग फाईल पडून राहिली
कालच्या फाईलीवर, परवाच्या फाईलीवर.
डिस्क शहाण्णव टक्के भरली ती अशी.

जॉबचं नाव होतं: गव्हाणे रोज.
"आमचे जुने मुनीम," रुक्साना म्हणाली,
"बिबवेवाडीत असतात. लावा फोन."
आत्ता? साडेचार वाजलेत.
"आत्ताच लावा. सवय कुठे जाते."

दुसऱ्या रिंगला उचलला.
विचारलं, हा अहवाल कुणाला लागतो?
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"मला लागायचा. जुळल्याशिवाय
घरी जायचो नाही ना मी.
तो अजून चालतो?"
रोज, म्हटलं. एकही सुट्टी नाही.
"अहो मग बंद करा की. लोकांचा खोळंबा कशाला."
आणि ठेवता ठेवता,
"आजचा आकडा काय आलाय?"

वाचून दाखवला.
कांदा, अकरा हजार चारशे सहा पिशव्या.
आवक, जावक, शिल्लक.
पलीकडे ओठांतल्या ओठांत काहीतरी चाललं होतं,
हातचा धरल्यासारखं.
"जुळतंय," म्हणाले.

इंडेक्स घालायला चार मिनिटं लागली.
फाईली पुसायला एक.
शेवटची तेवढी ठेवली,
कुठल्या नियमात बसते ते विचारू नका.

आता पावती बोट उचलायच्या आत निघते.
रुक्सानाची तक्रार आहे:
"एवढंही पळवायचं नव्हतं मॅडम,
दोन गाड्यांच्या मध्ये चहा व्हायचा."
सेक्रेटरींनी बिल उलटसुलट पाहिलं,
नवीन काय बसवलंत नक्की?
एक डिस्क, मी सांगितलं,
आणि एक ओळ.
ओळीचे एवढे पैसे?
नाही हो. ओळीचे थोडेच.
कुठली ओळ, ते शोधायचे.