फुंकणी

ओपीडीच्या तिसऱ्या खोलीत एक टॅब्लेट आहे,
कडेला तडा गेलेला, टेबलाच्या पायाला दोरीनं बांधलेला.
त्यात निळ्या साडीतली एक बाई राहते.
दिवसातून तीस वेळा ती पंपाचं टोपण काढते,
तीस वेळा सांगते,
'आता फुफ्फुसांतील हवा पूर्णपणे बाहेर सोडावी.'
तिला कधी दम लागत नाही.

नेमगोंडा चौगुले, वय एकसष्ट, हुपरी.
सकाळच्या एसटीनं आले.
टोपी मांडीवर ठेवून सगळा व्हिडिओ पाहिला,
पाहुण्यांच्या घरी लग्नाचा अल्बम बघावा तसा,
मान हलवत.
'कळलं का काका?'
'कळलं की. न कळायला काय झालं.'
मग पंप तोंडाला लावला, दाबला
आणि सगळं औषध
ओठांच्या कोपऱ्यातून पांढरं होऊन
पंख्याकडे निघून गेलं.

अकरा महिने असंच. सहा पंप.
घरातल्या पंख्याला आता दमा व्हायचा नाही.

मी पुन्हा लावला. आवाज वाढवला.
ते बाईकडे बघत होते,
बाई भलतीकडेच बघत होती.
शेवटी मी माझाच फोन काढला.
'तुमचं शूटिंग करू का?'
त्यांनी आधी टोपी घातली.

स्वतःला बघून हसले. 'कोण ह्यो म्हातारा?'
मग हसणं थांबलं.
'मागं घ्या जरा. आनि एकदा.'
जिथून वाफ सुटली तिथं बोट ठेवलं,
पैंजणाच्या कडीची झाळ सुटलेली दाखवावी तसं.
'हितनं गेलं बगा.'

आणि मग, फोनकडेच बघत:
'बाई, चाळीस वर्सं फुंकणी मारली मी.
म्होरं दिव्याची ज्योत, तोंडात नळी,
गालात वारं धरायचं आनि सोडायचं बारीक, न तुटता.
एकेका घुंगराला.
तोंडाला नळी लागली की माझं वारं भाईर पळतंय.
त्येला मी काय करू?'

मी घाईनं म्हटलं, मग फुंकणी उलटी समजा.
ज्योत आत ओढा.
ते दचकलेच.
'तोंड भाजंल की!
कामावर पोरगं आलं की पयलं हेच शिकवतो आमी,
नळीतनं आत ओढायचं न्हाई. कदीच न्हाई.'

टॅब्लेटमध्ये 'नेहमीच्या चुका' म्हणून सात चित्रं आहेत.
हे त्यात नव्हतं.

बाहेर शिपाई पुढचा नंबर पुकारत होता.
मी गप्प. तेही गप्प. पंप दोघांच्या मध्ये.
टेबलावर माझा चहा निवत होता.
त्यांचीच नजर गेली तिकडे.
'बशीतला च्या वडल्यागत का?'

हां. तसंच. फक्त आवाज नाही.
आणि लांब, बशी समुद्राएवढी असल्यासारखा.
फुरका सुरू झाला की मग दाबायचं.

डोळे मिटले. सगळं वारं आधी बाहेर काढलं,
ते तर त्यांना कुणी शिकवायला नको होतं.
ओठ मिटले, छाती सावकाश वर आली,
बोट दाबलं गेलं.
मी शूटिंग करत होते. आकडे ते बोटांवर मोजत होते,
अंगठा पेरांवरून सरकत होता, घुंगरं मोजल्यासारखा.
आठ. नऊ. दहा.

नंतर आम्ही दोघांनी मिळून पाहिलं.
काहीच दिसलं नाही.
एक म्हातारा, एक पंप,
कोपऱ्यातून काही निघालं नाही, कुठं काही उडालं नाही.
'ह्यात बगण्यासारखं काय न्हाई,' ते म्हणाले,
आणि पुन्हा एकदा लावायला सांगितलं.

दुपारी ओतकाम करणारे एक शिरोलीचे गृहस्थ आले.
निळ्या साडीला मी सुट्टी दिली.
विचारून घेतलं होतं, काका हो म्हणाले होते,
फक्त टोपी नीट दिसते ना, एवढंच.

गुळणी करायची मात्र विसरूनच गेले.
मी फाटकापर्यंत पळत गेले पाण्याची बाटली घेऊन.
धाप लागली. मला.