रकाना क

रेनॉल्डनं दाखवलं. माथारपाखाडीचा पोरगा,
जुलैपासून आमच्या पतपेढीत टेम्पररी.
"आंटी, एकेकीला काय टाइप करत बसता?
हा अख्खा कॉलम धरा. राइट क्लिक. फॉरमॅट सेल्स. कस्टम.
आता अवतरणचिन्हांत सौ, टिंब, एक जागा मोकळी,
आणि चिन्हांच्या बाहेर हे वेटोळं: @
गोगलगाय दिसते ना? ती म्हणजे
तुम्ही जे काय लिहाल ते."

एंटर.
तीनशे चाळीस बायका एका दमात सवाष्ण झाल्या.

सतरा वर्षं मी हे हातानं केलं.
काउंटरच्या जाळीतून विचारायचं, आवाज उतरवून,
सौ. लिहू की श्रीमती?
कोण पटकन बोलून मोकळी होते,
कोण पर्स उघडून उगाच काहीतरी शोधू लागते,
कोण म्हणते नुसतं नाव लिहा हो.
फुलवंती मयेकरनं एकदा पेनच घेतलं माझ्या हातातून
आणि ते अक्षर स्वतः खोडलं, इतकं दाबून
की खालच्या कार्बनप्रतीलाही भोक पडलं.

आता विचारायचं कारण उरलं नाही.
अध्यक्ष खूश. लाभांशाची पाकिटं
घटस्थापनेच्या आधी टपालात.

मग मंगळवारी द्वारका नाखवा आली,
भाऊच्या धक्क्यावरून थेट, बर्फानं बोटं सुरकुतलेली.
पाकीट मात्र कोरडं. प्लॅस्टिकच्या पिशवीत, पदराखाली.
नऊ वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याची होडी गेली ती गेली.
माणूस नाही, फळी नाही, कागद नाही.
तेव्हा मी विचारलं होतं तिला, काय लिहू?
ती म्हणाली होती, थांब जरा.
मी थांबले. तिच्या नावाआधी नऊ वर्षं
काहीच नव्हतं.

आता ती जाळीला तोंड लावून हळूच म्हणाली,
"बाय, तुमच्याकडं काय खबर आली का त्याची?"

काय सांगणार. गोगलगायीचं सांगणार?
मी मॉनिटर तिच्याकडे वळवला.
तिच्या नावावर क्लिक केलं.
हे बघ द्वारका, खाली चौकटीत दिसतंय ना सौ.,
ते नुसतं दिसतंय. ही वरची पट्टी बघ.
इथे खरं काय लिहिलंय ते येतं.
वर लिहिलेलं: द्वारका हरिश्चंद्र नाखवा.
बस्स.
तिनं बोट काचेला लावून एकेक अक्षर वाचलं.
काचेवर पाण्याचा ठिपका राहिला, हरिश्चंद्रच्या ह वर.
"म्हंजे आत नाय लिवलेलं?"
नाही.
"मग ऱ्हाऊं दे," ती म्हणाली.
"आत नाय ना. ऱ्हाऊं दे."
पाकीट परत पिशवीत, पिशवी परत पदराखाली.
पैसे मोजायचेही विसरली. मी हाक मारून दिले.

संध्याकाळी डॉकयार्ड रोडचे दिवे लागले,
रेनॉल्ड फुटबॉलला गेला,
एसीखालची बादली अर्धी भरली होती.
मी दोनशे बाराव्या ओळीवर गेले.
सौ. उज्ज्वला केळसकर.
कोर्टाचा कागद २०११ चा आहे, माझ्याच ड्रॉवरमध्ये,
व्हाउचरांच्या खाली.
क्लिक केलं. वरच्या पट्टीत मी एकटी,
न्हाणीघरातून बाहेर आल्यासारखी.

अख्खा कॉलम धरला. जनरल.
तीनशे चाळीस नावं उघड्या कपाळानं उभी राहिली,
एकीलाही काही झालं नाही.
मग वर गेले, एकशे तीसवर,
आणि त्या एका सेलला
अवतरणचिन्हं, सौ, टिंब, मोकळी जागा,
ते वेटोळं परत लावलं.

अध्यक्ष विचारतील उद्या. सांगेन, कॉम्प्युटरनं केलं.
त्यांना पटतं ते.

फाइल बंद करायला गेले तर समोर पाटी:
केलेले बदल जतन करायचे?
एवढं तरी ते विचारतं.