साडेपाचचा टायमर

औलूमध्ये जानेवारीत उजाडायला दहा वाजतात.
तोवरची कामं यंत्रांनीच उरकायची असतात.
खाली पार्किंगमध्ये खांबाखांबाला गाड्या बांधलेल्या,
दावणीच्या जनावरांसारख्या, तोंडाशी वायर.
साडेपाचला टायमर टक् करतो
आणि इंजिनं आतून कोमट होऊ लागतात.
गारठलेल्या इंजिनाला थेट किल्ली मारणारा
इकडे अडाणी समजला जातो.

वर चौथ्या मजल्यावर आम्ही तेच करत होतो.

रोज सातला दोनशे चौदा चाचण्या
आमच्या दवाखान्याच्या सॉफ्टवेअरचं दार ठोठावायच्या.
खोटा पेशंट, खोटी दाढदुखी,
मंगळवारची अपॉइंटमेंट हवी म्हणून खोटी अजिजी.
आत कोणी उठलेलंच नाही.
पडदाभर लाल.
सांप्साने दोन दिवस कोडमध्ये चूक शोधली.
चूक कोडमध्ये नव्हती,
चूल पेटायच्या आधीच पंगत बसली होती.

नोव्हेंबरपर्यंत असं कधी झालं नव्हतं.
नोव्हेंबरात आउलिक्की निवृत्त झाली.
आम्ही वेलचीचा पाव आणला, लोकरी मोजे दिले,
सहा ते सात ती एकटी इथे काय करते
हे मात्र कोणी विचारलं नाही.
ती डेटाबेस उठवायची, मग सर्व्हर, मग पान,
आधी मोजे, मग बूट, तशा क्रमाने,
हाताने, एकोणीस वर्षं.

सांप्साने लिहिलं: चाळीस सेकंद थांब.
काही सकाळी अडतीस पुरायचे,
काही सकाळी बावन्न लागायचे.
झोपेला कुठे घड्याळ असतं?
मग मी ते खोडून लिहिलं:
हाक मार. दर सेकंदाला विचार, उठलास का?
'हो' आल्याशिवाय चाचण्यांना आत सोडू नकोस.

आठवडाभर हिरवं.
मी माझीच पाठ थोपटली, कॉफीसुद्धा जास्त प्यायले.

शुक्रवारी रोवानिएमीहून एका नर्सचा फोन:
तुमच्या कॅलेंडरातून गुरुवार गायब आहे.

गुरुवार खरंच नव्हता.
तीन हजार नंबरच्या पोर्टावर
सोमवारचा सर्व्हर अजून ठाण मांडून होता.
रोज सकाळी नवा यायचा,
जागा नाही म्हणून गुपचूप मरायचा,
आणि माझ्या हाकेला 'हो' म्हणायचा
तो सोमवारचा.
दोनशे चौदा चाचण्या आठवडाभर
शिळ्या माणसाची विचारपूस करत होत्या
आणि तो ठणठणीत होता.

आउलिक्कीला फोन लावला.
ती समुद्राच्या बर्फावर भोक पाडून गळ टाकून बसली होती,
वारा तिच्याआधी बोलत होता.
म्हणाली, आधी कालचा झोपवायचा असतो, पोरी.
मग आजचा उठवायचा.
मी म्हटलं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.
ती थोडं थांबली. बहुधा मासा हलला असावा.
लिहायला, ती म्हणाली,
मला कधी कोणी सांगितलंच नाही.

ती ओळ आता स्क्रिप्टच्या अगदी वर आहे,
बाजूला तिचं नाव.
सांप्साला नाव अनावश्यक वाटतं. राहू दे.

त्या संध्याकाळी घाईघाईने खाली आले,
गाडी सुरू केली, गिअर टाकला
आणि वायर काढायला विसरले.
खांब अजून जरा वाकलेला आहे.