कापशीच्या जबड्यावरची पट्टी

पहिली पट्टी तडकली चैत्रात.
सपाट होती, आरशासारखी.
निकेल-लोखंडाचा थर, केसाच्या हजाराव्या भागाएवढा,
पिवळट प्लास्टिकच्या फितीवर बसवलेला.
वर्ध्याच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळीभोवती
ती शंभरदा वाकली होती.
इथं कापशीनं कडब्याचे चार घास खाल्ले
आणि आलेख झोपला.

कवडूजी म्हणाले, "गाय हाय बाप्पा ते,
तुह्या कालेजातली नळी नाही."

कागदावर काम साधं होतं.
खालच्या जबड्याला तुरीच्या डाळीएवढं चुंबक,
वर गालफडाला पट्टी.
जबडा हलला की चुंबक दूर, जवळ, दूर,
म्हणजे रवंथ मोजता येतो,
म्हणजे गाय आजारी पडायच्या आदल्या दिवशी
आपल्याला कळतं.
पण वाकताना पट्टी स्वतःचंच दुखणं सांगायची.
चुंबकाचं कोणतं आणि ताणाचं कोणतं
हे निवडता निवडता माझं वर्ष गेलं.
निकेल वाढव, लोखंड घटव.
शेकडा एक्क्याऐंशी, शेकडा एकोणीस:
तिथं तो थर ताण विसरतो.
जवळजवळ.

एका दुपारी मी नुसतीच बसले होते गोठ्याच्या दाराशी.
कापशी टाक्यात वाकली, पाणी प्यायली, मान वर केली.
गळ्याखालची पोळी
घडी घडी झाली, उलगडली, पुन्हा लोंबली.
कुठं तडा नाही.
मी तशीच उठून अनवाणी गाडीपर्यंत गेले
आणि फुफाट्यानं परत आले, चप्पल घ्यायला.

त्या रात्री रबर आधी ताणून धरलं,
ताणलेल्यावर थर चढवला,
मग सोडून दिलं.
सूक्ष्मदर्शकाखाली सुरकुत्याच सुरकुत्या,
निऱ्या न मोडता वाळत टाकलेलं लुगडं जसं.
सर म्हणाले, खराब झाली.
म्हटलं, असू द्या.
ती खराब पट्टी आठ दिवस टिकली,
तीन लाखांवर चावे,
शेवटी कापशीनंच ती खांबाला घासून काढली.

वैशाखात पारा सेहेचाळीसवर, आणि शून्य सरकायला लागलं.
सकाळचं शून्य वेगळं, दुपारचं वेगळं.
ऊन मोजलं, वजा केलं.
तरी रोज चारच्या सुमाराला रेघ एका अंगाला कलायची,
वीसेक मिनिटं तशीच,
मग जागेवर.
मी तारा बदलल्या. बॅटरी बदलली.
शेजारच्या विहिरीवरची मोटर बंद करायला लावली,
त्यावरून बोलणी खाल्ली.

शेण भरता भरता शेवंताकाकू म्हणाली,
"काय शोधून राहिली वं पोरी?
चार वाजता ते मान वळवते ना.
तवा हे कारंज्याहून येते, त्या पांदणीनं."

पृथ्वीचं चुंबकत्व.
होकायंत्राची सुई हलवण्यापुरतं इवलं बळ.
ते माझ्या पट्टीला ऐकू येत होतं
आणि मी वहीत लिहीत होते: बिघाड.

उपाय असतोच. तो मी केला.
कानामागे दुसरी पट्टी, चुंबकापासून लांब.
पहिलीतून दुसरी वजा.
ऊन गेलं, दिशा गेली,
उरला निव्वळ रवंथ, मिनिटाला बावन्न,
शोधनिबंधात शोभेल असा.

दुसरीचे आकडे टाकून द्यायचे असतात.
मी टाकले नाहीत.
कवडूजी मोतीबिंदूसाठी सेवाग्रामला भरती झाले
ते सात दिवस त्यात आहेत.
चार ते चार वीस.
मग चार ते साडेपाच.
मग दिवेलागणीपर्यंत
रेघ पांदणीकडे वळलेली.
रवंथ चालूच. बावन्न, एक्कावन्न, बावन्न.

आठव्या दिवशी बॅटरी संपली.
डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेले कवडूजी
वही हातात घेऊन, उलटी धरून म्हणाले,
"पुढचं मले विचार ना."